आत एक जण

१

त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सगळे कार्डबाई म्हणत. खरं पद चांगलं लांबलचक होतं, ओळखपत्रावर दोन ओळी खायचं, पण ते म्हणत बसायला वेळ कुणाला होता? लाकडी खणांतली नऊ लाख कार्डं तिने आणि तिच्या हाताखालच्या माणसांनी अकरा वर्षं खपून संगणकात चढवली होती, म्हणून कार्डबाई. पुढे कार्डं रद्दीत गेली, रिकामे खण कुणीकुणी घरी नेऊन त्यात मोजे ठेवले, नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच.

तसं हे ग्रंथालय म्हणजे आरंभी दोन खोल्या आणि एक रजिस्टर. मग एका रजिस्टराची चाळीस झाली, खोल्यांचे मजले झाले, शहरभर चौदा शाखा निघाल्या, आणि त्या सगळ्यांची जुनी पुस्तकं ह्या मधल्या इमारतीच्या पोटात येऊन पडू लागली. त्या पोटाला स्टॅक म्हणत. खिडकी एकही नाही, लोखंडी कपाटांच्या रांगा आणि मधून माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल अशा गल्ल्या. शाईची जागा टंकलेखनाने घेतली, टंकलेखनाची संगणकाने, दर वेळी जुनी माणसं म्हणाली की आता संपलं सगळं, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचक रांगेत उभे होतेच.

तिचे बाबा ह्याच स्टॅकमध्ये चौतीस वर्षं होते. पुस्तक काढून देणं, परत जागेवर लावणं, आणि संध्याकाळी सहाला स्टॅक बंद करणं हे त्यांचं काम. घरी आले की दार लगेच लावायचे नाहीत. कडीला हात लावून क्षणभर तसेच उभे राहायचे. लहानपणी तिने हे रोज पाहिलेलं. आईला राग यायचा. "अजून कोण यायचंय?" असं ती आतून रोज विचारायची, बाबा हसायचे आणि दार लावायचे.

आता आई नव्हती. बाबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग वार, मग नात. मागच्या वर्षापासून ते तिला मॅडम म्हणायला लागले. तिचं घरातलं नाव ठकी. जन्मल्यापासून बाबांनी दुसऱ्या नावाने तिला हाक मारलीच नव्हती, आणि आता समोर ताट ठेवलं की ते अदबीने म्हणत, "थँक्यू, मॅडम." ती हसून आत जायची आणि ओट्याशी उभी राहून रडायची. तिची लेक तेव्हा रेडिओ मोठा करायची, आजोबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

२

त्या वर्षी मोठ्या सुट्टीत ग्रंथालयात तीन गोष्टी नव्या आल्या. दारात माणसं मोजणारं यंत्र बसलं. स्टॅकमधल्या भिंतीवरचं पांढऱ्या तबकडीचं घड्याळ उतरवून काळ्या काचेचं, लाल आकड्यांचं घड्याळ लागलं. आणि स्टॅकमध्ये सरकती कपाटं आली. रुळांवरची ही कपाटं बटण दाबलं की सरकून एकमेकांना चिकटत आणि मधल्या गल्ल्या मिटून जात. जागा निम्मी वाचते म्हणे.

मोजणीचं यंत्र साधं होतं. माणूस आत गेला की आकडा एकाने वाढे, बाहेर आला की कमी होई. संध्याकाळी शून्य दिसलं की वॉचमन कुलूप लावणार, असा सरळ हिशेब. पहिल्याच संध्याकाळी सगळे बाहेर पडले, कार्डबाई सर्वांत शेवटी निघाली, आणि वॉचमन तिला म्हणाला की बाई, हे यंत्र अजून एक जण आत आहे म्हणतंय.

दोघांनी मजले पालथे घातले. कोणी नव्हतं. नवी वस्तू आहे, चुकते, असं म्हणून त्यांनी कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशीही एक. तिसऱ्या दिवशीही. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला, दहा वेळा आतबाहेर करून त्याने दाखवलं, यंत्र एकदाही चुकलं नाही. वॉचमनला गंमत वाटायला लागली. तो त्या एकाला जावईबापू म्हणायचा. "जावईबापू आहेत अजून," असं म्हणत कुलूप घालायचा.

कार्डबाईला गंमत वाटेना. नऊ लाख कार्डांत एक कमी भरलं म्हणून तीन दिवस शोधत बसलेली ती बाई. तिने स्टॅकचे दिवे बघायला सुरुवात केली. हे दिवेही नवे, कुणी हललं की लागणारे आणि पाच मिनिटं हालचाल नसली की आपोआप विझणारे. संध्याकाळी सगळे विझत. सातव्या गल्लीतला शेवटचा दिवा तेवढा विझत नसे. तिथे पूर्वी एक लोखंडी स्टूल असायचं, बाबांचं. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात ते भंगारात गेलं होतं, आणि त्या कागदावर सही तिचीच होती.

३

कपाटं बसवणारा इंजिनिअर उमदा माणूस होता. सहा गल्ल्या त्याने लोण्यासारख्या मिटवून दाखवल्या. सातवीला मात्र कपाट दोन इंच सरकलं आणि थांबलं. कपाटाच्या बटणांवरच्या पट्टीवर अक्षरं आली : अडथळा. वाटेत माणूस किंवा वस्तू असेल तर कपाटाने थांबावं म्हणून खाली डोळे बसवलेले असतात. इंजिनिअरने वाकून पाहिलं, झाडून घेतलं, डोळे पुसले, बदलले. पुन्हा अडथळा.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेजारच्या काकू दुपारभर बाबांजवळ बसायच्या, त्यांचा आवाज घाबराघुबरा होता. बाबा एकदम ओरडले होते. दोन्ही बाजूंच्या बरगड्या दाबून धरून खुर्चीत आखडले होते आणि "सरका, सरका" म्हणत होते. आता बरं वाटतंय म्हणे. कधी झालं, तर हे आत्ताच, अकरा वीसला.

डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. वयोमान, वात, भास, अशी कारणं भरपूर होती आणि तिने ती सगळी मनापासून मानली. तरी अकरा वीस हा आकडा डोक्यातून जाईना.

दोन दिवसांनी तिने एक गोष्ट केली जी तिने पुढे कुणालाच सांगितली नाही. इंजिनिअरला म्हणाली, बरोबर चारला सातवी गल्ली एकदा परत चालवून बघा. चारला दोन मिनिटं कमी असताना ती बाहेरच्या जिन्यात गेली आणि काकूंना फोन लावून इकडचंतिकडचं बोलत राहिली. लेकीचा अभ्यास, पाण्याची टाकी. मागे बाबा काहीतरी गुणगुणत होते तेही ऐकू येत होतं. चार वाजले. भिंतीपलीकडे मोटरची घरघर सुरू झाली, आणि फोनमध्ये बाबा किंचाळले.

"थांबवा," म्हणून ती जिन्यातूनच ओरडली. घरघर थांबली. फोनमधला आवाजही थांबला. स्वतःच्या बापावर प्रयोग केला आपण, हे कळून ती तिथेच पायरीवर बसली.

४

त्या संध्याकाळी तिने बाबांना समोर बसवलं. त्यांना घर आठवत नव्हतं, पण काम विचारलं की ते सरळ बसत, हे तिला माहीत होतं. स्टॅक कसा बंद करायचा, तिने विचारलं.

बाबांनी नीट समजावलं, नव्या नोकराला समजावतात तसं. आधी तीनदा हाक मारायची. बंद करतोय, कोणी राहिलंय का. हाक मारली की घड्याळाकडे तोंड करून उभं राहायचं. मागे बघायचं नाही. पावलं येतात, पाठीमागून जातात, दार वाजतं. दार वाजल्यावर मगच दिवा मालवायचा. त्यांच्या आधी जे स्टॅक सांभाळायचे त्यांनी त्यांना असंच शिकवलं होतं.

"मागे का बघायचं नाही?"

"उशीर झालेल्या माणसाला लाज वाटते, मॅडम. त्याच्याकडे बघू नये."

"आणि कोणी यायचं? रोज?"

"एक जण असायचाच," बाबा म्हणाले. जणू त्यात विचारण्यासारखं काय आहे.

 तिने हिय्या करून पुढचं विचारलं, की निवृत्त झाले त्या दिवशी हाक कोणी मारली.  त्या दिवसापासून ग्रंथालयात ध्वनिमुद्रित सूचना सुरू झाली होती. सहाला पाच कमी असताना एक गोड आवाज दोन भाषांत वाचकांचे आभार मानतो आणि थांबतो. उद्घाटनाला तीही हजर होती, टाळ्याही वाजवल्या होत्या तिने.

"भोंगा वाजला," बाबा म्हणाले. "मला कोणी हाक मारली नाही."

५

सोमवारी सत्र उघडणार होतं. ग्रंथपाल सरांनी शुक्रवारी दुपारी तीनची वेळ ठरवली. सातव्या गल्लीचे डोळे बंद करून टाकायचे आणि मोटर पूर्ण जोराने चालवून कपाट एकदा बसवायचं, मग पुढे अडणार नाही, असं इंजिनिअरचं म्हणणं. त्याआधी गल्ली रिकामी असल्याच्या दाखल्यावर जबाबदार माणसाची सही लागत होती. जबाबदार माणूस म्हणजे कार्डबाई.

तिने आठवडाभराची मुदत मागितली. सरांनी कारण विचारलं. आता ह्या प्रश्नाला उत्तर काय देणार? मोजणीत एक जास्त येतो म्हणाली. सर तिच्याकडे बघून समजुतीने हसले आणि म्हणाले की एवढी वर्षं तुम्ही मान मोडून काम केलंत, दमला आहात, सही मी करतो हवं तर.

हवं तर! ती घरी येऊन रात्री जेवली नाही. एकीकडे मन म्हणत होतं, वेडी आहेस, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्यांचा आणि लोखंडी कपाटाचा काय संबंध. दोनदा वेळ जुळली, तिसऱ्यांदा जुळणार नाही. दुसरीकडे तेच मन विचारत होतं, आणि जुळली तर? गल्ली पूर्ण मिटल्यावर बाबांचं काय होईल? मरतील, की असेच जन्मभर मॅडम म्हणत बसून राहतील, आतलं सगळं तिथे चिरडून? तिला दोन्हीची सारखीच भीती वाटली. मग तिने ठरवलं की हसं झालं तर होऊ दे.

६

शुक्रवारी अडीचला ती बाबांना टॅक्सीने घेऊन आली. घरात संडासाची वाट विचारणारे बाबा पायऱ्या चढून, वॉचमनला मान तुकवून, कुणालाही न विचारता थेट स्टॅकच्या दाराशी जाऊन उभे राहिले. इंजिनिअर मोटरच्या पेटीजवळ होता, कपाटाचे डोळे बंद केलेले, चावी लावलेली. तिने त्याला सांगितलं की वडिलांना जुनी जागा बघायची आहे, दहा मिनिटं द्या. त्यालाही वडील होते. तो चहा प्यायला गेला.

सातव्या गल्लीतला दिवा लागलेलाच होता. गल्ली इथून सरळ दिसत होती, टोकापर्यंत, आणि रिकामी होती. बांधीव वर्तमानपत्रांचे जाड खंड, त्यांचे कोपरे झडलेले, आणि फरशीवर स्टुलाच्या चार पायांचे गंजके ठसे.

"मारा हाक, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "माझ्या हाकेला नाही यायचा, मॅडम. तुम्ही मारा."

तिने घसा खाकरला. भर दुपारी, रिकाम्या कपाटांसमोर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पहिली हाक तोंडातल्या तोंडात निघाली. "बंद करतेय. कोणी राहिलंय का?" काही झालं नाही. दुसरी जरा बरी निघाली. तिसऱ्या वेळी बाबांनी तिचा हात धरला, आणि तिने पोटातून आवाज काढला, तो पार टोकाच्या भिंतीपर्यंत जाऊन आला.

मग दोघं घड्याळाकडे तोंड करून उभे राहिले.

आधी नुसती शांतता. मग मागे एक खंड पूर्ववत आत ढकलल्याचा आवाज, कागदावर कागद घासल्यासारखा. मग पावलं. सावकाश, डावं जरा फरफटत. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर ओझी वाहिलेल्या माणसाची चाल. किल्ल्यांचा जुडगा बारीक वाजत होता. तिला ती चाल माहीत होती. संध्याकाळी जिन्यात ती ऐकू आली की ती अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची.

मागे न बघण्याची रीत ज्यांनी घालून दिली त्यांचं घड्याळ पांढरं होतं. हे नवं काळ्या काचेचं, आणि काचेत मागचं सगळं दिसतं, ह्याचा विचार घड्याळ निवडताना कुणी केला नव्हता. तिनेही नाही. लाल आकड्यांच्या मधून तिला राखाडी गणवेशाची बाही दिसली. खाली घातलेली मान दिसली, आणि मानेवरचे केस, काळेभोर, बाबांचे तिच्या लहानपणी होते तसे. तिच्या हातातला हात त्या वेळी सुरकुतलेला आणि गरम होता.

तिने डोळे मिटायला हवे होते. तिने मिटले नाहीत. काचेतला माणूस दाराशी पोचला, त्याने दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि दाराला हात लावून क्षणभर तसाच थांबला, मागून कुणीतरी यायचं असल्यासारखा. मग दार वाजलं.

सातव्या गल्लीतला दिवा विझला.

"ठके," शेजारून बाबा म्हणाले, "किती गार पडलेत गं तुझे हात."

७

इंजिनिअरने चावी फिरवली आणि सातवी गल्ली निमूट मिटली, मग त्याने कपाटाचे डोळे परत चालू केले. बाबा शेजारीच उभे होते, त्यांना काही झालं नाही. ही लोखंडं कोणी आणली, असं त्यांनी नाक मुरडून विचारलं. त्या संध्याकाळी ते नातीशी पत्ते खेळले आणि राजरोस लबाडी करून जिंकले. कार्डबाईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. सहा वर्षांनी बाप घरी आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, बोलता बोलता, बाबांचे डोळे रिकामे झाले. नोकरीत असताना ते घरातून आठलाच निघत. "थँक्यू, मॅडम," त्यांनी कप खाली ठेवला. ती ग्रंथालयात पोचली तेव्हा वॉचमन कुलूप काढत होता, दार अजून उघडलंही नव्हतं, आणि यंत्रावर एक होता.

मग तिने वाद घालणं सोडलं. स्वतःशी, म्हणजे. नव्या कपाटांची नियमपुस्तिका तिनेच लिहायची होती, तिच्यात तिने दोन वाक्यं घातली. सातवी गल्ली दिवसा उघडी ठेवावी. मिटवण्यापूर्वी तीनदा हाक मारून घड्याळाकडे तोंड करून उभे राहावे. सरांनी वाचून भुवया उंचावल्या, पण सुरक्षेचा नियम दिसतो म्हणून राहू दिलं. घड्याळाच्या काचेवर तिने जाड तपकिरी कागद चिकटवला, आकड्यांपुरती फट ठेवून. एकदा पाहिलं ते पुरे होतं.

रोज सहाला ती हाक मारायची. पावलं जायची, दार वाजायचं, दिवा विझायचा. ती घरी पोचायची तोवर बाबा दारात उभे असायचे आणि उशीर का झाला म्हणून तिलाच रागवायचे. तीन महिने तिला रोज संध्याकाळ मिळाली. दिवसभर ती संध्याकाळची वाट बघायची आणि कुणाला सांगता येत नाही म्हणून मनातल्या मनात फुलून यायची.

८

बाबा गेले ते एका मंगळवारी, सकाळी अकराला. काकूंचा फोन आला, खुर्चीत बसल्या बसल्या मान कलली म्हणाल्या. ती हातातलं काम टाकून, पर्सही न घेता धावत सुटली. दारातून बाहेर पडताना तिला कशाचीही आठवण झाली नाही.

आठवण झाली ती तिसऱ्या दिवशी. सांत्वनाला माणसं बसली होती, कुणीतरी म्हणालं की शांतपणे सुटले बिचारे, आणि तिच्या हातातला पेला खाली पडला. अकरा वाजता बाबा कुठे होते? हाक न मारता ती घरी आली होती. संध्याकाळी सहाला तिथे गोड आवाजाने वाचकांचे आभार मानले असतील, आणि झालं. पुन्हा एकदा त्यांना कुणी हाक मारली नव्हती, आणि ह्या वेळी ती चूक तिची होती.

तेव्हाच्या तेव्हा उठून जावं असं तिला वाटलं. पण गेली नाही, आणि त्याचं कारण दुःख नव्हतं, भीती होती. यंत्रावर शून्य असेल तर बाबा खरोखरच गेले. आणि एक असेल, तर तिने हाक मारल्यावर तो एक बाहेर पडून जाणार कुठे? ज्याच्याकडे रोज परत जायचा, ते माणूस तर राहिलं नाही.

नवव्या दिवशी ती कामावर गेली. वॉचमनने दोन शब्द चांगले बोलून झाल्यावर सांगितलं की तुम्ही नव्हता तर आठ दिवस सातवी गल्ली मिटली नाही, रोज अडथळा दाखवते, आणि जावईबापूही हलायला तयार नाहीत.  दिवसभर तिने साचलेली कामं उरकली, नव्या शाखेच्या याद्या तपासल्या, दोन ठिकाणी चुका काढल्या.

सहा वाजले. गोड आवाज बोलून थांबला. वाचक गेले, माणसं गेली, वॉचमन फाटकाचे दिवे लावायला गेला. यंत्रावर दोन होते, त्यातली एक ती. ती स्टॅकच्या दाराशी उभी राहिली. सातव्या गल्लीच्या टोकाला दिवा होता.

तिने हाक मारली. तीनदा. मग कागद लावलेल्या घड्याळाकडे तोंड केलं.

पावलं आली. डावं फरफटत, नेहमीपेक्षा हळू. किल्ल्या वाजल्या. पाठीमागून ती पावलं जायला हवी होती आणि दार वाजायला हवं होतं. पावलं तिच्या पाठीशी येऊन थांबली. दार वाजलं नाही. तिच्या मानेवर जुन्या कागदाचा वास आला, आणि कुणीतरी अवघडून उभं असल्याचा, श्वास रोखून धरल्याचा भास. कागदाचा कोपरा सुटला होता. बोट लावलं असतं तर निघाला असता. तिने हात घट्ट मिटून घेतले. उशीर झालेल्या माणसाला लाज वाटते.

तिला खूप भीती वाटत होती. त्याहून जास्त तिला वाईट वाटत होतं. आठ दिवस त्यांनी वाट पाहिली होती.

"चला बाबा," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "घरी जाऊ."

ती निघाली. मान खाली घालून वळली, नजर फरशीवरच ठेवली. दिवा विझलेला तिला फरशीवरून कळला. मोजणीच्या यंत्रातून ती बाहेर पडली, आणि वॉचमनने दुरूनच ओरडून सांगितलं की बाई, शून्य झालं एकदाचं, जावईबापू गेले वाटतं. ती हो म्हणाली.

वाटेत तिने टॅक्सीचं दार जरा जास्त वेळ उघडं धरलं. जिन्यात कुणाची तरी पावलं तिच्या पावलांत पाऊल मिसळून चढत होती, की तिच्याच चपलांचा आवाज होता, ते तिने तपासलं नाही. घरात लेक टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती, वर न बघता तिने चहा ठेवू का विचारलं. ती आत आली. कडीला हात लावून क्षणभर तशीच उभी राहिली.

"आई," लेकीने मान वर केली, "अजून कोण यायचंय?"